माझा आकडा, दुसरीची गाडी

मित्रांनो, मी गाडीतला एक जुना मीटर आहे. गाडी किती किलोमीटर चालली ते मोजायचं आणि दाखवायचं, एवढंच मला येतं. बोलता येत नाही. तेच माझं दुखणं आहे.

माझी पहिली गाडी नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावच्या एका शिक्षिकेची. बाई बहुतेक सायकलनेच फिरायच्या, आणि माझा आकडा शेजाऱ्यांना कौतुकानं दाखवायच्या. पुढे गाडीला मागून धडक बसली आणि ती भंगारात गेली. तेव्हा माझ्यावर एकाहत्तर हजार किलोमीटर होते. दोन वर्षं मी भंगारवाल्याच्या फळीवर धूळ खात पडलो.

मग शेजारच्या रायस्वाइक गावच्या रवींद्रकाकांच्या गाडीचा मीटर बंद पडला आणि त्या जागी मला बसवलं. ती गाडी एक लाख चौऱ्याऐंशी हजार चालली होती. मेकॅनिक म्हणाला, "सरकारी नोंद करा, आणि विकताना सांगा." काकांनी खरा आकडा एका कागदावर लिहिला, गाडीच्या कप्प्यात टाकला आणि विसरून गेले.

पुढे काकांनी गाडी विकायला काढली, आणि ती घ्यायला चारुता आली. घरोघरी जाऊन वृद्धांची शुश्रूषा करण्याची तिला नवी नोकरी लागली होती, आणि पहाटे तिथे बस जात नव्हती. माझ्याकडे पाहून ती हरखली. "कमीच चाललीय हो, काका!"

"जपून वापरलीय," काका म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

फोनवर तिचा नवरा यतीन सांगत होता, "सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकून जुन्या नोंदी बघ ना."

"अरे, आत्ताच त्यांच्याकडे पोहे खाल्ले," ती कुजबुजली. "आपली माणसं आहेत. वाईट दिसतं ते."

मला ओरडावंसं वाटलं. मी नुसता उजळत राहिलो. गाडी घेतल्यावर तिने मला कुंकू लावलं, तेव्हा तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इंजिनातला टायमिंग बेल्ट, म्हणजे ठरावीक किलोमीटरनंतर बदलावा लागणारा पट्टा, कधीच बदलायला हवा होता. माझा आकडा पाहून तो कुणी बदलला नाही. एके दिवशी भर हायवेवर तो तुटला. चारुताने कशीबशी गाडी कडेला घेतली. मागे छोटी नीरजा रडत विचारत होती, "आई, why did it stop?"

इंजिन गेलं. गॅरेजवाल्याने जुन्या नोंदी काढल्या आणि मान हलवली. चारुताने काकांना फोन लावला.

"अगं, विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"काका, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून विचारलं नाही हो."

गाडी गेली, आणि पहाटेच्या पाळीची ती नोकरीही गेली.

मित्रांनो, विकताना आपणहून सांगा, आणि घेताना बिनधास्त विचारा. मला ते जमणार नाही.

आता चारुता ही गाडी मोडीत विकते आहे. काल तिने कप्प्यातला तो कागद काढला आणि माझ्या काचेवर चिकटवला, मी पूर्ण झाकला जाईन असा.