मयतापुरती किल्ली

राधानगरीकडचं आमचं गाव धरणात गेलं आणि आम्हाला पेठ वडगावजवळच्या माळावर आणून बसवलं. नातवंडं इथंच जन्मली, तरी इथल्या मूळ गावाला आम्ही उपरेच. स्मशानाची आणि पोरांच्या शाळेची जवळची वाट मूळ गावच्या धैर्यशीलरावांच्या उसातनं जाते; तिथं त्यांनी काटेरी तार मारली. गेल्या पावसाळ्यात वसाहतीतल्या पिराजीची तिरडी हायवेनं, ट्रकांच्या गर्दीतनं न्यावी लागली. आता माझी जाऊ बाळाबाई अंथरुणाला खिळलेली. तिचा घोर एकच : "मला तसल्या गर्दीतनं नेऊ नगंस."

अशात पुण्याच्या कुठल्या संस्थेची अस्मिता मॅडम समतेचा अभ्यास घेऊन आली.

"आजी, जात कुठली?"

"धरणग्रस्त."

"तसं नाही, खरी जात."

"ती पाण्याखाली हाय. वर हीच चालती."

मॅडमला ते इतकं आवडलं की पुन्हा म्हणायला लावून रेकॉर्ड केलं.

मग देवळापुढं दोन्हीकडच्यांना जमवून रांगोळीनं गावाचा नकाशा काढायला सांगितलं. मूळ गावच्या बायकांनी देऊळ, डेअरी, धैर्यशीलरावांचा बंगला काढला. बंगल्याची गॅलरीसुद्धा सोडली नाही. आमची वसाहत कुठंच नाही. म्हणे जागा संपली.

मी रांगोळी घेतली. कोपऱ्यात वसाहत काढली आणि स्मशानाकडं सरळ रेघ ओढत निघाले. मध्येच धैर्यशीलरावांची खुर्ची.

"उठा, वाट जाती हितनं."

"आक्का, तितं माझा ऊस हाय."

"ऊस शेतात हाय. हितं तुमचं बूड हाय."

माणसं खदाखदा हसली. सगळ्यांचे मोबाईल वर. देवळापुढच्या रांगोळीवर पाय देऊन बसणार कसे? उठले. मी रेघ पुरी केली. मॅडम टाळ्या वाजवत म्हणाली, "हाच तो संवाद!"

व्हिडिओ गावभर फिरला. धैर्यशीलरावांना दानशूर होण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. तारेत फाटक बसवलं, त्याला कुलूप घातलं आणि सांगून धाडलं : मयत असंल तवाच किल्ली न्यायची.

मॅडमचा फोन आला. "आजी, बदल झाला ना?"

"झाला की. मेलेल्याला वाट मिळाली. जित्यानं ट्रकाखालनं जायचं."

मी बंगल्यावर गेले, किल्ली मागितली.

"कोण गेलं?"

"बाळाबाई."

"आरारा! कवा?"

"जायाची हाय अजून. घाई काय, माणूस सावकाश मरतंय."

किल्ली तोवर हातात पडली होती.

बाळाबाईला दाखवली. म्हातारी उठून बसली, चहा मागितला. तिला अजून सवड नाही. तोवर पोरं त्या फाटकातनं शाळेला जातात, आणि किल्ली असते माझ्या कनवटीला.