मागे केलेला हात

फोटोकाकांच्या उजव्या खांद्याने वर्षभरापूर्वी संप पुकारला, तो काही केल्या मागे घेईना. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "ती बॅग तरी सोडा, नाहीतर काम तरी." बॅगेत कॅमेरा आणि तीन लेन्स. काम सोडायचं तर काकांना दुसरं काही येत नव्हतं, आणि बॅग सोडायची तर...

त्या तिन्ही लेन्सना काकूंनी नावं ठेवली होती. लांबुळकी, दगडासारखी जड ती थोरली. अख्खं कुटुंब एका चौकटीत बसवणारी ती मधली. आणि तळहातावर मावणारी, दिवेलागणीच्या उजेडातही चेहरा टिपणारी ती धाकटी. तीस वर्षं काकू बॅग घेऊन त्यांच्या डाव्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. काका डोळा कॅमेऱ्याला लावलेलाच ठेवायचे आणि डावा हात नुसता मागे करायचे, तळवा वर. कोणती लेन्स हवी ते सांगावं लागत नसे. काकू मागचं झाकण काढून, जोडायच्या खुणेचा लाल ठिपका वर करून ती हातावर ठेवायच्या, आणि काका "धरली" म्हणेपर्यंत बोटं सोडायच्या नाहीत. बसल्या बसल्या लेन्स पुसताना गुणगुणायच्या,

थोरली दूरचं बघे, मधली घेई गोतावळा,
धाकटी गं अंधारात ओळखिते तुझा डोळा.

काकू जाऊन तीन वर्षं झाली. बॅग काकांच्याच खांद्यावर आली. खांदा बिघडल्यावर ती लेक उचलायची, पण तिलाही तिची नोकरी होती. शेवटी तीच एका सकाळी त्यांना दुकानात घेऊन गेली.

"ही एकटी तिघींचं काम करते," दुकानदार म्हणाला. "रुंदही हीच, लांबही हीच. बदलायची भानगड नाही, आत धूळ जायची धास्ती नाही. वजन बघा, फुलासारखं."

"लेन्स दाखवतोयस की स्थळ सांगतोयस?" काका म्हणाले.

"स्थळच समजा. फक्त जुन्या तिन्ही मला द्यायच्या, असं ठरतंय."

काकांनी कॅमेरा खाली झुकवला. लेन्सची नळी आपोआप घसरत पुढे आली.

"हिला मान खाली घालायला सांगितलं की नाक लांबतं."

"बाबा, मुलगी बघायला आल्यासारख्या खोडी काढू नका," लेक म्हणाली.

"आज दिवसभर वापरा," दुकानदार हसला. "संध्याकाळी पसंती कळवा. नकार असेल तर परत ठेवून जा."

त्या दिवशी शाळेत काम होतं. सकाळी मैदानावर शर्यती आणि दुपारी सभागृहात मोठ्या बाईंचा निरोप समारंभ. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. काकांना पहिलं काम त्यांनीच दिलं होतं. बॅग घरी राहिली. लेकीने रजा काढली होती. तिच्या हातात फक्त डब्याची पिशवी.

मैदानावर नव्या सुनेने मन जिंकलं. पलीकडच्या टोकाला शर्यत सुटली तेव्हा काकांनी नळी फिरवली, पोरांचे आवळलेले ओठ जवळ आले. तीच पोरं फीत तोडून अंगावर धावून आली तेव्हा नळी उलटी फिरवली, अख्खी रांग चौकटीत. खांदा हूं की चूं करत नव्हता. थोरली काढून मधली लावेपर्यंत आजवर किती फिती तुटून गेल्या होत्या.

आणि तेवढ्यात चूक झाली. जिंकलेल्या पोरीला आईने उचलून घेतलं, तो चेहरा काकांना दिसला, आणि डावा हात आपसूक मागे गेला. तळवा वर.

तळव्यावर काहीतरी टेकलं. गरम. काकांनी वळून पाहिलं तर शाळेचा शिपाई चहाचा पेला ठेवून उभा होता.

"तुम्ही हात केलात ना साहेब?"

"केला खरा," काका म्हणाले. चहा त्यांनी पिऊन टाकला, पण त्यानंतर बराच वेळ डावा हात खिशात ठेवला. लेक हे लांबून बघत होती.

दुपारी सभागृहात उजेडाची बोंब. उंच खिडक्या, त्यांवर मळकट पडदे. मोठ्या बाईंच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यामुळे फ्लॅश लावायचा नाही. नवी लेन्स लांब करावी तर ती आणखी अंधारायची. चित्र हलायचं. हलू नये म्हणून कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद वाढवली, तर बाईंच्या गालांवर वाळू उडाल्यासारखे दाणे. मागे सरून रुंद धरलं, तर व्यासपीठाचे सरळ खांब पोट सुटल्यासारखे फुगलेले.

"गर्दीचे चांगले आलेत," लेक कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहत कुजबुजली.

"गर्दीचे येतील. बाई येत नाहीत."

भाषणं संपली. मोठ्या बाई हाराच्या ओझ्याने वाकून खुर्चीत बसल्या, आणि मग कुणाचंच लक्ष नसताना त्यांनी आपला हात खुर्चीच्या दांड्यावरून हळूच फिरवला, जसा जुन्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा. खिडकीचा एक कवडसा नेमका तेवढ्यावर. काकांनी श्वास रोखला. हा फोटो आत्ताच, नाहीतर कधीच नाही. नव्या लेन्सने पाहिलं. काळोखात एक राखाडी डाग.

हात मागे गेला. जाताना त्यांना कळलंही, की मागे कुणी नाही. हाताला कोण सांगणार?

तळव्यावर गार, गोल, ओळखीचं वजन आलं. लाल ठिपका वर. मागचं झाकण काढलेलं. काकांनी बोटं मिटली, तर पलीकडची बोटं सोडेनात.

"धरली," काका म्हणाले.

बोटं सुटली.

नवी लेन्स काढून त्यांनी मागे दिली, ठिपक्याला ठिपका लावला, कट् झालं. दोन फोटो निघाले. दुसऱ्यात बाईंनी मान वर केली होती, आणि डोळ्यांत खिडकी होती.

"कुठे होती ही?" काकांनी बाहेर आल्यावर विचारलं.

"डब्याच्या पिशवीत. रुमालात गुंडाळून. मधल्या सुट्टीत घरी जाऊन आणली."

"सकाळी तर म्हणालीस, तिन्ही देऊन मोकळे होऊ."

"सकाळी तुम्ही चहा धरला नव्हता," लेक म्हणाली. मग पिशवी सावरत, "आणि आई सोडायची नाही, ते मला लहानपणापासून माहितेय. मी तिच्या पदराआड उभी असायचे."

उन्हं कलली तेव्हा ते घरून बॅग घेऊन दुकानात पोचले. काकांनी थोरली काउंटरवर ठेवली, मधली ठेवली. दोघींच्या काचा एकदा शेवटच्या पुसल्या. नवी लेन्स कॅमेऱ्यावरच राहू दिली.

"तिन्हीचं ठरलं होतं, काका," दुकानदार म्हणाला.

"दोघी नांदतील तुझ्याकडे. धाकटी द्यायची नाही. जमत असेल तर बोल, नाहीतर ही कॅमेऱ्यावरची काढतो."

दुकानदाराने काकांकडे पाहिलं, मग लेकीकडे. तिने नुसती नकारार्थी मान हलवली. त्याने दोन्ही लेन्स आपल्याकडे ओढून घेतल्या.

रस्त्यावर आल्यावर रिकामी बॅग काकांनी स्वतःच खांद्यावर टाकली. खांदा गप्प होता. धाकटी लेकीच्या पिशवीत, रुमालात.

"माझ्याकडे दे की," काका म्हणाले, "तळहाताएवढी तर आहे."

"तुमच्याकडे कशाला?" लेक म्हणाली आणि त्यांच्या डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे, चालू लागली.