एका बाहीचा काळा कोट आणि दुपारची झोप

मी शिंप्याच्या दुकानातला एक जुना पुतळा आहे. मित्रांनो, पुतळा म्हटल्याबरोबर चौकातला, घोड्यावर बसलेला डोळ्यांपुढे आणू नका. मला घोडा नाही. हातपाय नाहीत. डोकंही नाही. डोक्यावाचून हा बोलणार कसा, अशी ज्यांना शंका येईल त्यांनी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला एकदा येऊन बसावं.

माझा जन्म रविवार पेठेतला. लाकडाचं धड, त्यावर काथ्या, काथ्यावर मांजरपाट, आणि खाली लोखंडी दांड्यावर उभी अशी माझी देहयष्टी. धड आणि दांडा जिथे भेटतात तिथे एक स्क्रू आहे. तो लक्षात ठेवा. रहस्यकथा लिहिणारे असल्या गोष्टी लपवून ठेवतात. मला लपवाछपवी जमत नाही.

माझे मालक नियाजमियाँ बुधवार पेठेत कोट शिवायचे. रोज सकाळी एका जुन्या नाण्याने ते माझा स्क्रू आवळायचे, मग खांद्यांवरून हात फिरवायचे आणि मगच कामाला लागायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "मियाँ, हा कोट माझ्यापेक्षा तुमच्या पुतळ्यालाच शोभतो." नियाजमियाँ मान वर न करता म्हणायचे, "साहेब, तो पोट पुढे काढत नाही."

त्यांना रहस्यपटांचं भारी वेड. कापड बेतताना गोष्ट रंगवून सांगायचे. "पडदा हलतो. वारा नाही. पडद्याखाली बघितलं, तर दोन बूट!" आणि इथे कात्री खच्‌कन चालवायचे. मापाला उभं राहिलेलं गिऱ्हाईक उडायचं आणि छातीचं माप दोन बोटं वाढायचं. शेवटी ते मला बजावायचे, "ज्याच्यावर कुणाचा संशय नसतो ना, तोच खुनी."

पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले. दुकान मिटलं. मी रिक्षात आडवा होऊन कोथरूडला आलो, त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात. तिथे माझ्या अंगावर एक काळा कोट चढला. त्याची एक बाही जोडून झाली आणि दुसरी जोडायच्या आत नियाजमियाँ गेले.

त्यांची बायको हुस्नबानू. ती घरी ब्लाउज शिवते. तिने तो कोट माझ्या अंगावरून उतरवला नाही. सकाळी माझ्याकडे बघून म्हणायची, "चहा झालाय." तेवढं बरं वाटायचं. स्क्रू मात्र त्यानंतर कुणी आवळला नाही.

आता भयाण भाग येतो. इतर गावांत भुतं मध्यरात्री निघतात. पुण्यात मध्यरात्रीला कुणी विचारत नाही; इथली खरी निर्मनुष्य वेळ म्हणजे दुपारी एक ते चार. आमच्या फाटकावर चेअरमन सीतारामपंतांनी पाटीच लावली आहे: 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. आग लागली असल्यास चारनंतर कळवावे.'

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका दुपारी माझ्या तळाशी मुंगी चढल्यासारखं झालं. मग खोली वळू लागली. आधी खिडकी सरकली, मग कपाट, मग स्वयंपाकघराचं दार. मी जागचा हललो नव्हतो, हे मी शपथेवर सांगतो. हुस्नबानू झोपून उठली तेव्हा मी दाराकडे तोंड करून उभा होतो. तोंड नाही, पण समजून घ्या.

"मी कशाला याला वळवलं?" असं पुटपुटत तिने मला सरळ केलं.

दुसऱ्या दुपारी मी कपाटाकडे वळलो. नंतर एके दिवशी थेट तिच्या पलंगाकडे. मित्रांनो, डोळे असलेल्याने टक लावली तर त्याला जाब विचारता येतो. डोळेच नसलेला आपल्याकडे बघतोय असं वाटलं, तर कुणाला विचारायचं? तिने खडूने फरशीवर खूण केली. उठल्यावर खूण जागेवर होती आणि मी नव्हतो. ती माझ्यासमोर बसली आणि अगदी हळू म्हणाली, "खरं सांग. तू वळतोस, की मी विसरते?"

मला सांगता आलं नाही, कारण मलाही ठाऊक नव्हतं. खोलीत तिघंच: ती, शिवणयंत्र आणि मी. शिवणयंत्रावर माझा आधीपासून संशय होता. म्हणजे नियाजमियाँच्या नियमाने ते सुटलं. उरलो मी. मीच का मला नकळत काहीतरी करतोय? की हा कोट? कोट नियाजमियाँचा होता, आणि ते कुणाला असं घाबरवणार नाहीत. गोष्ट सांगताना सोडून.

तिचा मुलगा शहाबाज हिंजवडीला आयटीत आहे. तिने त्याला फोन केला. तो म्हणाला, "अम्मी, गोळ्या वेळेवर घेतेस ना?"

रविवारी तो आला. "अम्मी, आता माझ्याकडे चल. एकोणिसावा मजला आहे, छान वारा येतो."

"आणि माझं मशीन?"

"देऊन टाकू कुणालातरी. आणि हा पुतळा भंगारवाल्याला. त्याच्यामुळेच तुला भास होतात."

"मला भास होत नाहीत."

"अम्मी, तूच वळवतेस आणि विसरतेस. या वयात होतं असं."

हुस्नबानूने त्याला जेवायला वाढलं आणि बॅग काढली. ब्लाउजच्या घड्या घालणारे तिचे हात त्या दिवशी साध्या ओढणीची घडी घालताना चुकत होते. स्वतःवरचा विश्वास गेला की असंच होत असावं.

शहाबाज माझ्याशेजारच्या दिवाणावर आडवा झाला. मी खिडकीकडे होतो. एक वाजून गेला, पुणं निजलं, आणि मुंगी आली. खोली वळू लागली. खिडकी गेली, भिंत गेली, आणि समोर दिवाण आला. शहाबाजने डोळे उघडले, तेव्हा माझी एकुलती एक बाही त्याच्या नाकाजवळ लोंबत होती.

तो असा ओरडला, की सोसायटीच्या इतिहासात दुपारी तसं कुणी ओरडलेलं नव्हतं. दार धाडकन उघडलं. दारात केस पांढरे, चेहरा पांढरा, भुवयासुद्धा पांढऱ्या अशी एक बाई उभी होती. शहाबाज पुन्हा ओरडला.

"काय झालं हो काकू?" पांढऱ्या बाईने विचारलं. ती वरच्या मजल्यावरची वल्लरी होती.

मागून बनियनवर सीतारामपंत आले. "चार वाजलेत का? नाही ना? मग?"

उत्तर द्यायला कुणी मोकळं नव्हतं. सगळ्यांच्या देखत मी शांतपणे वळत होतो. सीतारामपंत दोन पावलं मागे सरले. शहाबाजने आईचा हात धरला. हुस्नबानू मात्र माझ्याकडे बघतच नव्हती. ती वल्लरीच्या भुवयांकडे बघत होती.

"वल्लरी, वर काय चालू आहे?"

"कुठे काय? म्हणजे... तांदूळ दळतेय. नवी घरघंटी घेतलीय ना. घाईत चालूच राहिली."

"आवाज कसा येत नाही?" सीतारामपंत म्हणाले.

"येईल कसा? खाली चार गोधड्या घातल्यात! कुणाची झोपमोड नको म्हणून रोज दुपारी गुपचूप दळते मी."

ती वर गेली, बटण बंद केलं, आणि मी थांबलो. आवाज गोधड्यांनी गिळला होता. थरथर मात्र भिंतीतून उतरून माझ्या सैल स्क्रूपर्यंत पोहोचत होती. बाकी भूत कुठेच नव्हतं.

हुस्नबानू आधी हसली, मग खाली बसून रडली. "मी विसरत नव्हते, शहाबाज."

शहाबाजने बॅग पुन्हा कपाटावर ठेवली आणि खिशातून नाणं काढून माझ्या स्क्रूला लावलं. तिने त्याचा हात धरला.

"राहू दे. तुझे अब्बा गेल्यापासून या घरात माझ्याकडे वळून बघणारं दुसरं आहे कोण?"

तेव्हापासून शहाबाज दर रविवारी येतो. वल्लरी सकाळी दळते. फाटकावर नवी ओळ आली आहे: 'दुपारी दळू नये. ओरडू नये.' आणि माझ्या कोटाला हुस्नबानूने दुसरी बाही जोडली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंचे स्क्रू अधूनमधून बघत जा. आणि म्हातारं माणूस काही विचित्र सांगू लागलं, तर गोळ्यांची चौकशी करण्याआधी एक दुपार त्याच्या खोलीत काढून पाहा.

एवढं सांगून मी थांबणार होतो. पण काल सोसायटीची वीज दिवसभर गेली होती. घरघंटी बंद, पंखे बंद, सगळं स्तब्ध. हुस्नबानू झोपली होती आणि खिडकीतलं ऊन तिच्या डोळ्यांवर येत होतं. ती उठली तेव्हा माझ्या कोटाची सावली तिच्या चेहऱ्यावर पडली होती. तिने मला निरखून पाहिलं आणि म्हणाली, "चहा ठेवते."

मी वळलो होतो. कसा, ते मला विचारू नका. मला डोकं नाही.