बर्फाच्या कारखान्यातला कंट्रोलर

मित्रांनो, देवगड बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात भिंतीला टांगलेला मी एक जुना कंट्रोलर आहे. बर्फाचे डबे ज्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत बुडवतात, तिचं तापमान सेन्सरकडून घ्यायचं आणि त्याप्रमाणे कॉम्प्रेसर चालू-बंद करायचा, हे माझं काम.

माझा प्रोग्राम वालावलच्या किशोरीताईंनी लिहिला. तापमान वाचण्याचा भाग त्यांनी वेगळा ठेवला, निर्णय घेण्याचा वेगळा. नावं अशी दिली की वाचताच अर्थ लागावा. कारखान्याचे मालक धनेशकाका घाई करत. "अगो, चलता मां? मगे इतक्या कित्याक लिवतंस?"

"उद्या मी हय नसलंय, तर दुसऱ्याक कळाक होया, काका," ताई म्हणत.

पुढे ताई परदेशी गेल्या. मी मुकाट्याने काम करत राहिलो. न बिघडणाऱ्याकडे कोण बघतं? माझ्यावर मिठाची पुटं चढली.

यंदा ऐन हंगामात एका सकाळी सेन्सर मेला. तापमानच कळेना, म्हणून मी कॉम्प्रेसर थांबवला. डब्यांतला बर्फ गोठत आला होता, तो आता पाघळू लागला. जुन्या जातीचा सेन्सर कुठे मिळेना. मिळाला तो वेगळ्याच पद्धतीने आकडे सांगणारा. ताईंचा फोन लागेना. शेवटी काकांनी कणकवलीहून आकांक्षा नावाच्या तरुण इंजिनीअरला बोलावलं.

"सांजेक ट्रॉलर येतले," काका म्हणाले. "बर्फ नाय गावलो तर म्हावरा कुसतला. तुका जमतला?"

"आधी वाचून बघतंय," ती म्हणाली.

तिने लॅपटॉपवर माझा प्रोग्राम उघडला. वाचता वाचता तिचा चेहरा उजळत गेला. बदलायला हवा होता तो फक्त तापमान वाचण्याचा छोटासा भाग. तो तिने बदलला, खोटी तापमानं देऊन लॅपटॉपवरच तपासला.

काका अस्वस्थ झाले होते. "हो कंट्रोलर कॉम्प्रेसर सुरू करण्याआधी जरा थांबता, ता काढून टाक. येळ वाचात."

आकांक्षाने ती जागा शोधली. तिथे ताईंनी लिहून ठेवलं होतं: 'हे थांबणं काढू नका. आतला दाब उतरण्याआधी कॉम्प्रेसर सुरू केला तर मोटर जळते.'

"नको काका," ती म्हणाली. "मोटर जळली तर हंगाम गेलो."

तिने नवा सेन्सर जोडला आणि नवा प्रोग्राम माझ्यात भरला. मी ठरलेला वेळ थांबलो आणि मग कॉम्प्रेसर घरघरला. काय सांगू मित्रांनो, त्या घरघरीने माझा कण न् कण नाचला. टाकी पुन्हा गार होऊ लागली. सांजेला डब्यांतून लाद्या सुटल्या, चुरा होऊन ट्रॉलरच्या खणांत गेल्या आणि काकांनी आकांक्षाला टोपलीभर सुरमई दिली.

निघण्याआधी तिने नव्या सेन्सरबद्दलही चार ओळी माझ्यात लिहिल्या.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारख्या यंत्रासाठी लिहील. तेव्हा यंत्र चाललं की हात झटकू नका. जो तुम्हाला कधी भेटणार नाही आणि घाईत येईल, त्याला कळेल असं लिहा. किशोरीताई आणि आकांक्षा अजून एकमेकींना भेटलेल्या नाहीत, पण त्या दोघींची ओळख माझ्या पोटात झाली.