लिटरभर पेल्याची कैफियत

मित्रांनो, माझ्या पोटाकडे बघून हसू नका. मी एका सिनेमागृहाच्या उपाहारगृहातला जुना प्लास्टिकचा पेला आहे. माझ्यात बरोबर एक लिटर सरबत मावतं आणि माझ्या अंगावर लाल अक्षरांत ‘जंबो’ असं छापलेलं आहे. कारखान्यातून आलो तेव्हा आम्ही चाळीस भावंडं होतो. पोरंटोरं आमच्याकडे बोट दाखवून आईपाशी हट्ट धरायची. तेव्हा काय भाव होता आम्हाला, म्हणून सांगू!

मला मालकांनी स्वतःसाठी ठेवून घेतलं. दर खेळाचं मध्यंतर संपलं, की ते मला नारिंगी सरबताने काठोकाठ भरत आणि एका दमात रिकामं करत. बारा वर्षं हा नेम चुकला नाही. पुढे त्यांची साखर वाढली. पायाची बोटं इतकी बधिर झाली, की चप्पल निसटून मागे राहायची आणि यांना पत्ताच नसायचा. मालकीणबाई ती उचलून मागोमाग यायच्या. डॉक्टरांनी बजावलं, ‘‘गोड बंद करा, नाहीतर एक दिवस पाय गमवाल.’’ मालकांनी मान डोलावली. मान डोलवायला त्यांचं काय जात होतं?

मग सरकारने नियम काढला, की अर्ध्या लिटरहून मोठ्या पेल्यात गोड पेय द्यायचं नाही. माझी सगळी भावंडं पोत्यात गेली. मला मात्र मालकांनी गल्ल्यामागे दडवलं. लोकांपुढे ते नियमाचं तोंडभर कौतुक करत आणि पाठ वळली, की अर्ध्या लिटरचे दोन पेले माझ्यात ओतत. मीही मनातून खूश होतो, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी तपासणीला निरीक्षक बाई आल्या. त्यांनी गल्ल्यामागे हात घातला आणि मला तुडुंब भरलेल्या अवस्थेत बाहेर काढलं.

‘‘हे काय आहे?’’

‘‘हा? हा... झाडाला पाणी घालायचा आहे, बाई,’’ मालक म्हणाले.

‘‘पाणी नारिंगी कसं?’’

‘‘खत आहे त्यात.’’

‘‘अस्सं! मग घाला की. मी थांबते.’’

दारात मालकीणबाईंचा लाडका गुलाब होता. मालकांनी रडवेल्या चेहऱ्याने मला त्या कुंडीत उपडं केलं. बाई गेल्या, मुंग्या आल्या. पण बाईंची कचेरीची वाट नेमकी आमच्या दारावरूनच जायची. थाप निभावायची म्हणून मालकांना रोज त्यांच्यादेखत लिटरभर ‘खत’ घालावं लागलं. आठव्या दिवशी गुलाबाने मान टाकली.

मालकीणबाईंनी ते रोप उपटलं आणि मालकांपुढे धरलं.

‘‘आठ दिवसांत झाड गेलं हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि तुम्ही बारा वर्षं पिताय.’’

त्यांचे डोळे भरून आले होते. मालकांनी मला घासलं, माझ्यात साधं पाणी भरलं आणि कडू औषध घेतल्यासारखं तोंड करून ते प्यायले. तेव्हापासून माझ्यात पाणीच असतं. सुरुवातीला मला फार अपमान वाटला. आता सवय झाली आहे.

मित्रांनो, मला हात नाहीत, तरी हात जोडून विनंती करतो. मला घासूनपुसून खुशाल वर्षानुवर्षं वापरा, पण माझ्यात काय भरता तिकडे लक्ष ठेवा. मी फुटलो, तर कारखाना उद्या दुसरा पेला काढेल. मालकांना पाय दोनच आहेत.