दीड फूट

पडद्याआड एनिमाचे भांडे उत्तराने पुस्तकात सांगितल्याप्रमाणे खाटेपासून बरोबर दीड फूट उंच धरले होते. पाणी थर्मामीटरने मोजले होते. ट्रेमधली एकही वस्तू जागा सोडून नव्हती. आणि दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून डाव्या कुशीवर निजलेली तिची आई मुठी आवळून थरथरत होती.

"पुरे गं. कळ येते पोटात."

"आई, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. कुंथायचं नाही तुला. दोन मिनिटं सोस."

"सुगंधाला बोलाव."

घाटकोपरच्या त्या लहानशा इस्पितळात सुगंधा कितीतरी वर्षे नर्स होती. शिकली ती वॉर्डातच. उत्तरा मात्र नर्सिंगच्या परीक्षेत पहिली येऊन तिथेच नुकती नर्स म्हणून लागलेली.

सुगंधाने कोपरावर पाण्याचे दोन थेंब घेतले. नळीचे टोक मुठीत धरून उबवले. मग भांडे खाली आणले, खाटेच्या जेमतेम वीतभर वर.

"गे आये, आंग ढिला सोड. लवूच्या म्हशीची गोष्ट अर्धीच रवली ना काल?"

आई हसली. ते हसू उत्तराने लहानपणी ऐकले होते. पुढे ते घरातच कुठेतरी ठेवून सगळे विसरले होते. परक्या बाईने ते इतक्या सहज हुडकून काढावे! उत्तराने ट्रेवरच्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "पुस्तकात दीड फूट दिलंय."

"आसात, बाय," सुगंधा हात पुसत म्हणाली. "पण पुस्तकाक खंय पोट आसा?"

दोन दिवसांनी, दुपारी सुगंधा जेवायला गेली असताना उत्तराने ट्रे उचलला. थर्मामीटर पाहिला, तरीही कोपरावर दोन थेंब घेतले. नळी मुठीत उबवली. भांडे वीतभरच वर धरले. तोंडातून शब्द काढला नाही.

पाणी सावकाश उतरत गेले. आईच्या मुठी एकेक बोट करीत उघडल्या. उत्तराचे ओठ हलले; हाक अगदी जिभेवर आली होती.

"सुगंधे," आई म्हणाली, "तुझा हात लागला की पोटसुद्धा ऐकतं बघ."

उत्तराने नळीला चिमटा लावला. ती अलगद काढली.

"आमच्या उत्तराला मात्र सांगू नकोस हं. लहानपणापासून फार मनाला लावून घेते ती. जमलं तर शिकव तिला, तिच्या नकळत."

उत्तराने बेडपॅन सरकवले, चादर कमरेपर्यंत ओढली.

"आज गोष्ट नाही वाटतं? गप्पशी गं?"

पट्ट्यांखालचा चेहरा उत्तराची वाट पाहत तिच्याच दिशेने वळला होता. तिने ट्रे उचलला, आणि बूट वाजू नयेत म्हणून टाचा उचलून ती पडद्याबाहेर निघून गेली.