अनंतराव बाजूला होत नाहीत

"हा फोटो पुढे घे. नुसता चिखल आहे," अनंतराव म्हणाले.

"बाबा, ते अभयारण्य आहे," सलिल म्हणाला.

"असेल. पुढे घे."

हॉलमधले लोक हसले. विश्रांतवाडीतल्या या सोसायटीची एक प्रथा आहे. परदेशी जाऊन आलेल्याने रविवारी संध्याकाळी खालच्या हॉलमध्ये पडद्यावर फोटो दाखवायचे आणि न गेलेल्यांनी वडे खात ते बघायचे. अनंतरावांना या प्रथेचा तिटकारा होता, आणि आजवर त्यांनी एकही कार्यक्रम चुकवला नव्हता. आज तर त्यांचाच होता. मुलगा सलिल स्पेनमध्ये नोकरीला. त्याने मे महिन्यात आईवडिलांना तिकडे नेलं होतं आणि भूमध्य समुद्राच्या काठाने अभयारण्यातून जाणाऱ्या वाटेवर वडिलांना सायकल चालवायला दिली होती. आता तो सुट्टीवर आला होता.

समुद्राबद्दल अनंतरावांचं मत समुद्र पडद्यावर यायच्या आधीच सगळ्यांना कळलं होतं. लाट नाही, गाज नाही, त्यापेक्षा खडकवासल्याला जास्त पाणी हलतं. फ्लेमिंगो होते, पण ते भिगवणलाही येतात आणि तिथे एसटी जाते. सायकलला ढीगभर गिअर होते आणि स्टँड नव्हता.

"म्हणजे उतरलं की धरून उभं राहायचं. याला प्रगती म्हणतात," ते म्हणाले.

सायकलवर बोलायचा त्यांना हक्क होता. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ते कारकून होते आणि निवृत्त होईपर्यंत काळ्या सायकलवरूनच कामाला गेले. तिथे त्यांनी नाव काढलं असं काही नाही. त्यांचे साहेब त्यांना शेवटपर्यंत दुसऱ्याच आडनावाने हाक मारत. अभिमान धरावा अशी गोष्ट त्यांच्याकडे एकच होती. राँग साइडने येणाऱ्याला त्यांनी कधी वाट दिली नाही. समोरून असा कोणी आला की ते थांबत, एक पाय जमिनीला टेकवत आणि चाकाला चाक भिडवून गप्प उभे राहत. समोरचा हॉर्न वाजवी, शिव्या देई आणि शेवटी गाडी मागे घेई. बाकी आयुष्यात त्यांच्यासाठी कोणीच मागे सरलेलं नव्हतं. हे त्यांच्या बायकोला, कुसुमताईंना, माहीत होतं, म्हणून दूध आणायला उशीर झाला तरी त्या काही बोलत नसत.

"आता नीट बघा. युरोपचं फार कौतुक ना तुम्हाला?" अनंतराव खुर्चीतून उठले. "सलिल, ती बाई येते तो व्हिडिओ लाव."

"तो नको बाबा. आवाज नीट आलेला नाही."

"आवाज मी देतो. लाव."

सलिलने आईकडे पाहिलं. कुसुमताईंनी बशीतल्या वड्याकडे पाहिलं. मग त्याने व्हिडिओ लावला.

मिठागरांमधून जाणारी अरुंद वाट होती. सलिलने मागून चित्रण केलं होतं. अनंतराव लाल हेल्मेट घालून डाव्या कडेने निघाले होते. समोरून पांढऱ्या केसांची एक बाई त्याच कडेने आली. अनंतराव थांबले, पाय टेकवला. बाई हसून काही बोलली, हाताने पलीकडची कड दाखवली. हे ढिम्म. शेवटी ती उतरली, सायकल धरून काठच्या चिखलात जाऊन उभी राहिली आणि मान लववून तिने त्यांना वाट करून दिली.

"सरळ अंगावर येत होती. तिथेही तेच. पण एक शब्द बोललो नाही मी."

टाळ्या पडल्या. मग सोसायटीचे सेक्रेटरी योगेश यांनी विचारलं, "काका, पण तिकडे उजवीकडून चालवतात ना?"

त्यांना टोमणा मारायचा नव्हता, खरोखरच शंका आली होती.

"ते रस्त्यावर. ही पायवाट आहे," अनंतराव म्हणाले. पण व्हिडिओ चालूच होता. पुढे जाणारे सगळे सायकलवाले उजव्या कडेने चालले होते, समोरून येणारे दुसऱ्या कडेने, आणि त्या येणाऱ्यांच्या वाटेत एक लाल हेल्मेट होतं. ते बघून कोणी हसलं नाही. पुणेकर हसत नाहीत तेव्हा प्रकरण गंभीर असतं. वडे अजून गरम आहेत, असं कोणीतरी म्हणालं.

घरी आल्यावर अनंतरावांनी विचारलं, "तिथेच का नाही सांगितलंस?"

"सांगायलाच येत होतो. त्या बाईच म्हणाल्या, राहू दे. वय झालंय, आनंदात आहेत, जाऊ दे त्यांना."

"आणि तू ऐकलंस."

"बाबा, इथे तरी लोक दुसरं काय..." सलिल मध्येच थांबला.

"पानं घेतली आहेत," कुसुमताई म्हणाल्या. "बसा जेवायला."

अनंतराव जेवायला बसले. नुसती लाज वाटली असती तर त्यांनी ती निभावून नेली असती. त्यांना आठवत होते ते रस्त्यावर मागे सरलेले लोक. पूर्वी ते सगळे शिव्या देत. त्या शिव्या कधीपासून बंद झाल्या, ते काही केल्या त्यांना आठवेना.

सकाळी ते दूध आणायला नेहमीसारखे सायकलवर निघाले, डाव्या कडेने. आळंदी रस्त्याच्या वळणावर समोरून राँग साइडने एक स्कूटर आली. अनंतराव थांबले. पाय टेकवला. चाकाला चाक भिडलं. स्कूटरवर ऑफिसला निघालेली एक मुलगी होती. तिला उशीर झालेला दिसत होता.

"दे शिवी," अनंतराव म्हणाले.

"काय आजोबा?" तिने हेल्मेटची काच वर केली. त्यांचा चेहरा बघून ती हसली, पायांनी स्कूटर मागे रेटत बाजूला झाली. "या तुम्ही. सावकाश या."

पुढचा रस्ता मोकळा झाला होता. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. अनंतराव सायकलवरून उतरले, ती कडेला गटाराच्या झाकणावर घेतली आणि हँडल धरून उभे राहिले. मुलगी त्यांच्यासाठी थांबली होती. ते तिच्यासाठी थांबले होते.